हळद लागलेली पिओनी

आईची खोली बेसमेंटमध्ये होती. हे वाक्य असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "बेसमेंट फिनिश्ड आहे, तिला वेगळी वॉशरूम आहे, हीटिंग उत्तम आहे." सगळं खरं होतं. फक्त खिडकीबद्दल मी बोलत नसे. ती छताला लागून होती, आडवी, पोळपाट जेमतेम आत-बाहेर सरकवता येईल एवढी. तिच्यातून आकाश दिसत नसे. मागच्या अंगणातली जमीन दिसायची आणि जमिनीतून वर आलेले एका झुडपाचे देठ.

रिचमंड हिलमधलं ते घर जुनं आणि बैठं होतं. वर दोनच बेडरूम. एक आमची, एक मुलीची. वडील गेल्यावर आईला सांगलीहून इकडे परदेशात बोलावून घेतलं. तिला एकटं वाटू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. पण मी आणि बायको दोघंही उजाडताच बाहेर पडायचो, मुलगी शाळेतून आली की घरात कुणीतरी हवं होतं, हेही तितकंच खरं होतं. यातलं किती आईसाठी आणि किती आमच्यासाठी हे मी कधी वेगळं करून पाहिलं नाही. करून पाहायची ताकदच नव्हती म्हणा. सकाळची ट्रेन, संध्याकाळची ट्रेन, हिवाळ्यात घरी आल्यावर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा, जेवायचं, सोफ्यावरच डोळा लागायचा. त्या वर्षांतलं मला सर्वांत स्पष्ट काय आठवत असेल तर तो थकवा.

आणि त्या थकव्याचा एक शब्द होता: "बघतो." खिडकीचं काय? बघतो. देवळात कधी न्यायचं? बघतो. आई म्हणायची, "तुझ्या वडिलांचं 'करू' असायचं, तुझं 'बघतो' असतं. तेव्हा काही झालं नाही, आता काही दिसत नाही."

शेवटी बायकोनंच हट्ट धरला. बेसमेंटमध्ये कुणी झोपत असेल तर आग लागल्यावर माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी, असा इथला नियम आहे. नियम मला ठाऊक होता. दोन हजार सोळाच्या वसंतात, बर्फ वितळल्यावर, ब्रॅम्पटनहून एक पंजाबी कंत्राटदार आला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, बाहेर येऊन टेप लावली आणि बुटानं जमिनीवर एक चौकोन आखला. आई शाल पांघरून मागच्या दारात उभी होती.

"भाईसाब, खिडकी यहीं आएगी. सामने इतना गड्ढा करना पडेगा, तभी तो लाइट अंदर जाएगी."

चौकोनाच्या बरोबर मधोमध मातीतून लालसर कोंब वर येत होते. केळफुलाच्या रंगाचे, जाड, एकमेकांना चिकटून. आम्ही घर घेतल्यापासून ते झुडूप तिथं होतं. मे महिन्यात गवत कापताना मी त्याला वळसा घालायचो आणि जूनमध्ये पांढरी फुलं आली की आठवडाभर म्हणायचो, वा.

"और इसका?" आईनं विचारलं.

"ये तो दो मिनट में निकल जाएगा, माताजी."

"लेकिन ये है कौन?"

कंत्राटदार हसला. "फूल है, माताजी. कोई मेहमान थोडी है."

आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मेहमान आपण आहोत म्हणावं त्याला. ती आपल्या आधीपासनं इथं आहे." मग जरा थांबून, "हिचं नाव काय रे?"

"पिओनी."

"ते आडनाव झालं. नाव काय?"

मला वाटलं, झालं, आता ही अडून बसणार. आणि ती बसलीच. माझी आई कशासाठीही अडून बसणारी बाई नव्हती. सामान बांधून सांगलीचं घर बंद करून आली तेव्हाही तिनं एक प्रश्न विचारला नव्हता. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणाली, "नाव न विचारता कुणाला घराबाहेर काढू नये. लग्नात माझं नाव तांदळात लिहून बदललं, तेव्हा मला नाही विचारलं कुणी. पण निदान आधीचं काय होतं ते ठाऊक तरी होतं सगळ्यांना."

म्हणजे अट अशी ठरली: झुडपाचं नाव कळलं की खिडकी. आधी नाही. बायको म्हणाली, "अहो, आईंना तिथलं तेवढंच तर दिसतं." कंत्राटदाराला मी जूननंतर ये म्हणून सांगितलं, कारण फूल पाहिल्याशिवाय पिओनीची जात ओळखता येत नाही, असं मी मोबाइलवर वाचलं होतं.

शेजारी एक इटालियन म्हातारे राहायचे. ते म्हणाले, मी इथं आलो तेव्हाही ती होती. त्यापलीकडे सांगायला कुणी नव्हतं.

जून आला. कळ्या सुपारीएवढ्या होत्या, मग लिंबाएवढ्या, आणि त्यांच्यावर मुंग्याच मुंग्या. एका शनिवारी पाहिलं तर सगळी फुलली होती. ओंजळभर एकेक फूल. पांढरं, मध्ये पाकळ्यांची दाटी, त्या दाटीतून डोकावणारे केसर, एखाद्या आतल्या पाकळीच्या कडेला कुंकवाचं बोट पुसल्यासारखा लाल ओरखडा. आणि बाहेरच्या पाकळ्यांवर, खालच्या बाजूला, एक फिकट पिवळी झाक. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि जुन्या पिओनी लावणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर टाकले.

उत्तर एका निवृत्त शिक्षिकेचं आलं. त्या शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर राहायच्या, त्यांच्या शेतात म्हणे पिओनींच्या रांगाच रांगा होत्या. बाईंचे प्रश्न डॉक्टरसारखे होते. वास येतो का, गुलाबासारखा की जरा उग्र? देठ हिरवा की तांबूस? मधल्या बीजकोशांवर लव आहे की ते गुळगुळीत आहेत? मुख्य कळीच्या बाजूला लहान कळ्या येतात का? मी रविवारी गुडघे टेकून एकेक पाहिलं आणि लिहिलं. या पिओनींची नावं फ्रेंच असतात, कुणा सरदाराच्या बायकोची, कुणा सेनापतीची; शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. ती मी आईला वाचून दाखवायचो आणि ती मान हलवायची. "नाही, ही एवढी ठसक्याची वाटत नाही."

मग बाईंचा दुसरा निरोप आला. तो फार उत्साहाचा होता. जुन्या पांढऱ्या जातींत बाहेरच्या पाकळ्यांवर अशी पिवळी झाक असलेली एकच जात त्यांना वाचून माहीत होती, आणि ती कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही, त्यांनी लिहिलं, पण तोवर कृपा करून तिला हात लावू नका. दोन दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि सगळी फुलं मातीला टेकली. बाईंना यायला जमलं नाही. म्हणजे पुढचा जून.

मी कंत्राटदाराला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षी. आईला सांगितलं, तर ती खूश झाली. "मोठ्या घरची निघाली बघ." बायकोनं बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलं. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. दुर्मीळ फुलाचं नव्हे. एक काम पुढे गेलं याचं.

तो हिवाळा आईनं त्या खोलीत काढला. वारा मागच्या कुंपणावरून यायचा आणि बर्फ बरोबर त्या खिडकीवर साचायचा. मग तिच्या खोलीत दुपारी दिवा लागलेला असायचा. गाडी निघावी म्हणून मी ड्राइव्हवे दिवसातून दोनदा साफ करायचो, पण मागे जाऊन त्या पोळपाटाएवढ्या काचेवरचा बर्फ काढायचं माझ्या लक्षातच यायचं नाही. कधीतरी मुलगी जाऊन हातमोज्यानं तेवढा पुसून यायची. आई तक्रार करायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "आज मंगळवार आहे की बुधवार, रे? खाली सगळे वार सारखेच दिसतात." मी वार सांगितला आणि वर गेलो. वार सांगितला, बास. ते वाक्य तिनं मला का ऐकवलं असेल, हा विचार मला ट्रेनमध्ये दुसऱ्या दिवशी सुचला, आणि तेव्हाही मी डोळे मिटले.

पुढच्या जूनमध्ये बाई आल्या. शनिवारी सकाळी, आम्ही चहा घेत होतो तेव्हाच. उंच, वाकलेल्या, डोक्यावर गवताची टोपी, गळ्यात दोरीला भिंग. त्यांच्याबरोबर मी मागच्या अंगणात गेलो, तर आई आमच्या आधीच तिथं होती. तिच्या डाव्या हातात स्टीलची वाटी होती. ती वाकून चिमटीनं काहीतरी कळ्यांवर भुरभुरत होती, रांगोळी घालावी तसं, अगदी सवयीनं. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला आणि बाईंना नमस्कार केला.

मी वाटीत पाहिलं. हळद होती.

बाईही पाहत होत्या. त्यांनी एका उमललेल्या फुलाची बाहेरची पाकळी धरली, अंगठ्याला जीभ लावली आणि पाकळी चोळली. अंगठा पिवळा झाला. त्यांनी अंगठा नाकाजवळ नेला. "हे काय आहे?"

"टर्मरिक," मागून माझी मुलगी म्हणाली. "आजी पुट्स इट फॉर द अँट्स. एव्हरी मॉर्निंग."

"रोज?" मी विचारलं. "गेल्या वर्षीपण?"

"ऑफ कोर्स."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"यू नेव्हर आस्क्ड, बाबा."

आईला काय गोंधळ झाला ते कळेना. "अरे, मुंग्या किती त्या! कळ्या खाऊन टाकतील. हळद टाकली की जातात, तुला नाही ठाऊक? लहानपणी साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ कोण ओढायचं?"

मीच ओढायचो. आईच्या बोटांना हळद नेहमीच असायची, त्यामुळे ती दिसूनही मला दिसली नाही. कळ्यांवर गोड चिकट रस असतो, त्याला हळद धरते, कळी उमलते तशी ती पाकळीबरोबर बाहेर येते. एवढंच. कुठल्याही जूनमधल्या कुठल्याही एका सकाळी मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसलो असतो तर मला ते दिसलं असतं.

मी बाईंना सगळं सांगितलं. तासभर गाडी चालवून आल्या होत्या, वर्षभर वाट पाहिली होती. मग त्या हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की गवतावर बसल्या. आई आधी संकोचली, मग तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मुलगी तर आडवीच झाली. मीही हसलो. पण हसताना माझ्या डोळ्यांसमोर ती बर्फानं बुजलेली काच होती. चिमूटभर हळदीपायी माझ्या आईनं एक हिवाळा दिवा लावून काढला होता. चूक हळदीची नव्हती.

बाईंनी आईला सांगितलं, आणि मी मराठीत केलं, की मुंग्या कळ्यांना काही करत नाहीत. त्या तो गोड रस खायला येतात आणि जातात.

"अगंबाई!" आई म्हणाली. "म्हणजे त्या जेवायला येत होत्या आणि मी पानावरनं उठवत होते."

मग बाई कामाला लागल्या. एक फूल त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं धुतलं. ते पांढरं झालं, साधं पांढरं. त्यांनी भिंगातून बीजकोश पाहिले, पानं उलटी केली, देठ नखानं खरवडला, वास घेतला, परत घेतला. बराच वेळ गेला. शेवटी त्या उठल्या आणि गुडघे झटकत म्हणाल्या की ही त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच जातीची नाही. कुणीतरी कधीतरी बी पेरलं असेल, किंवा आपोआप पडलं असेल. अशी हजारो झाडं लोकांनी वाढवली, एकमेकांना कुंपणावरून दिली, आणि नाव कुणी ठेवलंच नाही. "मी तुमच्या आईंना नाव देऊ शकत नाही. हिला नाव नाहीच."

हे आईला कसं सांगावं, मला कळेना. वर्षभर ती त्या मोठ्या घरच्या नावाची वाट पाहत होती. मी चाचरत सांगितलं की, आई, ही कुठल्या नामांकित जातीची नाही, बीपासून अशीच उगवलेली आहे.

"हात्तिच्या. म्हणजे रायवळ!" आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "मग असं सांग ना. रायवळ आहे ती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं: आमच्याकडे हापूस, पायरी असे कलमी आंबे असतात, आणि कोयीपासून कुठंही उगवतो तो रायवळ. प्रत्येक झाडाची चव वेगळी. बांधावरच्या एकाला शेप्या म्हणत, त्याला शेपूचा वास यायचा. दुसरा खोबऱ्या. ती नावं त्या एका झाडापुरती. बाईंनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. ळ काही त्यांना जमला नाही. "रायवल," त्या म्हणाल्या, आणि आई म्हणाली, "चालेल."

"मग आई," मी विचारलं, "खिडकीचं?"

आईनं धुतलेल्या फुलावर हात ठेवला. "आता काय, कळलं की कोण आहे ते. आणि हळद तर लागलीच आहे तिला. गेल्या साली लागली, यंदाही लागली. हळद लागलेली मुलगी किती दिवस ठेवायची घरात? चांगली जागा बघ आणि पाठवणी कर तिची."

मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये हलवा, त्याआधी नको. कोंबांचे डोळे दोन बोटांपेक्षा खोल गेले तर नुसती पानं येतील. आणि हलवल्यावर ती रुसते. एखादं वर्ष, कधी दोन वर्षं फुलत नाही.

सप्टेंबरमध्ये मी सुट्टी घेतली. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, कुठं जायचं नसताना. आई अंगणात खुर्ची टाकून बसली. मुळं म्हणजे रताळ्यांचा ढीगच होता, तांबूस, मनगटाएवढी, एकमेकांत अडकलेली. काही तुटली. दर तुटण्याला आई "हळू" म्हणायची आणि मी "हो" म्हणायचो. कुंपणाजवळ, नव्या खिडकीतून समोर दिसेल अशा जागी मी खड्डा केला होता.

"डोळे वर," आई म्हणाली. "माझ्या माहेरी हळदीचं बेणं लावायचो तसंच आहे हे. फार पुरू नकोस. वरनं दोन बोटं माती. माझी बोटं, तुझी नव्हेत."

ती उठून आली आणि वाकून आपली दोन बोटं मातीत आडवी धरली. मी तेवढी माती टाकली.

महिन्याभरात खिडकी झाली. मोठी, सरकणारी, समोर दगडांनी बांधलेला खड्डा. दुपारी ऊन आईच्या पलंगापर्यंत यायचं. मला वाटलं होतं की आता सगळं ठीक झालं. तो हिवाळा तिनं त्या उजेडात काढला आणि एप्रिलमध्ये म्हणाली, "मी आता जाते रे."

"खिडकी झाली आणि चाललीस?"

"खिडकी छान झाली. तिच्यामुळंच कळलं, तुमच्याकडं बर्फ किती पडतो ते." मग माझ्याकडे न बघता चादरीची घडी घालत म्हणाली, "तू बघतो म्हणालास तेव्हा मी बसले वाट बघत. तुझी ओढाताण दिसत होती मला. आता मला जरा माझं घर बघू दे."

मी राहा म्हणालो. नीट म्हणालो, दोनदा. पण ते म्हणायची वेळ आधीच कधीतरी होऊन गेली होती, आणि ती मी ट्रेनमध्ये डोळे मिटून बसलेला असताना गेली होती.

सांगलीत मावशी तिच्या शेजारीच राहते. आईचं बरं चाललं आहे. दर रविवारी मी फोन करतो; माझी सकाळ, तिची संध्याकाळ. पहिल्या जूनमध्ये तिनं विचारलं, रायवळ फुलली का? मी म्हणालो, नाही, पानंच आहेत. "रुसली असेल," ती म्हणाली. मला मात्र वाटत राहिलं की मी डोळे खोल पुरले. पुढचं वर्षभर ते मनात राहिलं. तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही माझ्या हातून मातीत गेली असेल तर?

त्याच्या पुढच्या जूनमध्ये, एका रविवारी, मावशीची तब्येत आणि नळाचं पाणी असं सगळं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "आणि रायवळीचं काय?"

"बघतो," मी म्हणालो.

म्हणताच मला ऐकू आलं, मी काय म्हणालो ते.

"थांब, ठेवू नकोस," मी म्हणालो. "आत्ता बघतो. जाऊन."

चपला सापडल्या नाहीत, तसाच गेलो. गवत ओलं होतं. कुंपणाजवळ पानं चांगली गुडघ्याएवढी वाढली होती. मी वाकून ती हातानं बाजूला केली. मधल्या देठावर एक कळी होती. एकच, लिंबाएवढी, आणि तिच्यावर मुंग्या.

"आहे," मी म्हणालो. "एक आहे. मुंग्या लागल्यात."

"असू दे," आई म्हणाली. "जेवू दे त्यांना."